जाहिरात एजन्सीत क्रिएटिव्ह डायरेक्टर होण्याची वाट: ठाणे-नवी मुंबईतील उमेदवारांसाठी सविस्तर मार्गदर्शन

ज्याला सर्वांत चांगल्या कल्पना सुचतात तो क्रिएटिव्ह डायरेक्टर, असा समज बाहेर सर्रास आढळतो आणि या क्षेत्रात नव्याने येणारे उमेदवारही त्याच समजावर आपली आखणी करतात. प्रत्यक्षात त्या पदावरील माणसाच्या दिवसाचा मोठा भाग दुसऱ्यांनी केलेले काम पाहण्यात, त्यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवण्यात, आणि ठरवलेले काम क्लायंटच्या शंकांतून, निर्मितीच्या खर्चातून व वेळापत्रकातून धडपणे पार करण्यात जातो. स्वतः लिहिलेल्या ओळींपेक्षा स्वतः न लिहिलेल्या ओळींबद्दलच त्याला अधिक वेळा जाब द्यावा लागतो. म्हणून ही वाट धरणाऱ्याने पहिल्या वर्षापासून दोन सराव सोबत ठेवावेत: एक काम करण्याचा आणि दुसरा कामाबद्दल कारणासह निर्णय देण्याचा. दुसऱ्या सरावाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि पुढे बढती अडते ती तिथेच.

हा लेख ठाणे आणि नवी मुंबई परिसरात राहणाऱ्या, मराठीत विचार करणाऱ्या आणि एजन्सीत काम करू इच्छिणाऱ्या किंवा नुकतेच रुजू झालेल्या उमेदवारांसाठी आहे. मोठ्या एजन्सींची कार्यालये मुख्यतः लोअर परळपासून अंधेरी-गोरेगावपर्यंतच्या पट्ट्यात आहेत. वागळे इस्टेट, नौपाडा, वाशी, बेलापूर या भागांत लहान एजन्सी आणि डिझाइन स्टुडिओ आहेत, ज्यांचे क्लायंट प्रामुख्याने बांधकाम व्यावसायिक, सराफ, शाळा, क्लासेस आणि रुग्णालये असतात. दोन्ही ठिकाणी क्रिएटिव्ह डायरेक्टर हेच पद असले, तरी ते वेगवेगळ्या वेगाने मिळते आणि वेगवेगळ्या गोष्टी शिकवते.

आधी पद नीट समजून घ्यावे

एजन्सीच्या क्रिएटिव्ह विभागात कॉपी म्हणजे मजकूर आणि आर्ट म्हणजे दृश्य मांडणी अशा दोन बाजू असतात. १९४९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या डॉइल डेन बर्नबाख या एजन्सीत बिल बर्नबाख यांनी लेखक आणि चित्रकार यांना एकत्र बसवून जोडीने काम करायला लावले. त्यापूर्वी लेखकाने मजकूर लिहून आर्ट विभागाकडे पाठवायचा, अशी रीत होती. आजही बहुतेक एजन्सींत जोडीचीच पद्धत आहे. प्रशिक्षणार्थी, ज्युनिअर, कॉपीरायटर किंवा आर्ट डायरेक्टर, सीनिअर, सुपरव्हायझर, असोसिएट क्रिएटिव्ह डायरेक्टर, क्रिएटिव्ह डायरेक्टर, आणि त्यावर ग्रुप, एक्झिक्युटिव्ह व नॅशनल क्रिएटिव्ह डायरेक्टर, अशी साधारण चढण असते. मोठ्या एजन्सीत क्रिएटिव्ह डायरेक्टरच्या पदापर्यंत पोहोचायला दहा-बारा वर्षे सहज लागतात, तर लहान एजन्सीत ते पाचव्या वर्षीही मिळू शकते.

पाचव्या वर्षी मिळणाऱ्या पदाला नावे ठेवण्याचे कारण नाही, परंतु ते स्वीकारण्यापूर्वी मालकाला काही गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात. एखादे काम क्लायंटकडे जाऊ नये असे ठरवण्याचा अधिकार माझ्याकडे असेल का? संघात कोणाला घ्यायचे यात माझे मत चालेल का? ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवे आहे ते सांगणारा कामाचा आराखडा, अपुरा असेल तर तो मी परत पाठवू शकेन का? तिन्हींचे उत्तर ‘बघू या’ असे आले, तर व्हिजिटिंग कार्डावर काहीही छापलेले असले तरी काम सीनिअर डिझायनरचेच आहे, हे समजून पगाराची बोलणी करावीत.

प्रवेशाचे दरवाजे

आर्टच्या बाजूने यायचे असेल तर उपयोजित कलेचे शिक्षण हा सरळ रस्ता आहे. सर ज. जी. उपयोजित कला संस्था १९६१ मध्ये सर ज. जी. कला विद्यालयापासून वेगळी झाली आणि मुंबईच्या जाहिरात क्षेत्रात तिथून आलेले कलावंत पिढ्यान् पिढ्या काम करत आले आहेत. २०२३ मध्ये या संस्थांच्या समूहाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे प्रवेशाची पद्धत जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावरून न ठरवता संस्थेच्या चालू वर्षाच्या माहितीपत्रकातून पाहावी. आयआयटी मुंबईच्या पवई येथील आयडीसी या डिझाइन विभागात पदवीसाठी यूसीड आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी सीड ही प्रवेश परीक्षा आहे. तिथला भर डिझाइनवर आहे, तरीही तिथून एजन्सीत येणारे असतात.

कॉपीच्या बाजूला कोणतीही पदवी सक्तीची नाही. नामवंत जाहिरातकार पीयूष पांडे १९८२ मध्ये ओगिल्व्ही या एजन्सीत आले ते क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये, म्हणजे ग्राहकांशी संपर्क ठेवणाऱ्या विभागात, आणि नंतर लेखनाकडे वळले. त्याआधी त्यांनी रणजी सामने खेळले होते आणि चहाची परीक्षा करण्याची नोकरीही केली होती. त्यांच्या उदाहरणावरून कोणत्याही वाटेने गेले तरी चालते, असा अर्थ काढू नये. क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये असताना ग्राहकाचा व्यवसाय जवळून दिसतो आणि तो अनुभव लेखकाला पुढे फार उपयोगी पडतो, एवढा अर्थ मात्र जरूर काढावा.

आपल्याकडे एक तयारी अशी आहे, जिचा उल्लेख उमेदवार स्वतःच्या अर्जात करत नाहीत, आणि ती म्हणजे महाविद्यालयीन एकांकिका. ठाणे, डोंबिवली, वाशीची मुले आयएनटी आणि सवाईसारख्या स्पर्धांसाठी महिनोन् महिने तालमी करतात. ठरावीक वेळेत गोष्ट बसवणे, नेपथ्याचा खर्च वर्गणीत भागवणे, दिग्दर्शकाने कापलेले आवडते वाक्य निमूटपणे सोडून देणे आणि परीक्षकांसमोर पडदा वेळेवर उघडणे, ही सगळी एजन्सीतलीच कामे आहेत. ज्याने एकांकिका लिहिली किंवा बसवली आहे, त्याने ती पोर्टफोलिओत, म्हणजे स्वतःच्या निवडक कामाच्या संग्रहात, एका पानावर मांडावी आणि त्यात आपले नेमके काम काय होते ते लिहावे.

पोर्टफोलिओ: पाच मोहिमा, पण पूर्ण विचारलेल्या

नवख्याच्या पोर्टफोलिओत वीस सुटी पोस्टर असण्यापेक्षा पाच मोहिमा असाव्यात आणि प्रत्येक मोहिमेला आधी प्रश्न, मग निर्णय आणि मग काम, असा क्रम असावा. प्रश्न खराखुरा आणि शक्यतो जवळचा निवडावा. परदेशी बुटांच्या कंपनीसाठी केलेली काल्पनिक जाहिरात प्रत्येकाकडेच असते आणि ती पाहणाऱ्याला उमेदवाराबद्दल फारसे काही सांगत नाही.

एक उदाहरण पूर्ण विस्ताराने घेऊ. वाशीच्या एपीएमसी बाजारात हंगामात हापूसबरोबर इतर ठिकाणचे, दिसायला सारखे आंबेही येतात आणि किरकोळ विक्रीत ते सगळे एकाच नावाने विकले जाण्याची तक्रार दरवर्षी होते. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांचा समावेश आहे. समजा, मानांकन असलेल्या बागायतदारांच्या संघासाठी मोहीम करायची आहे. नवखी जोडी पहिल्या तासात ‘अस्सल तो अस्सलच’ या धर्तीची ओळ लिहिते. ती वाईट नाही, पण बनावट माल विकणाराही तीच ओळ पेटीवर छापू शकतो, त्यामुळे ती निरुपयोगी आहे.

इथे थांबून ग्राहक नेमका कुठे अडतो ते पाहावे. विक्रेत्याला ‘हापूस आहे का?’ असे विचारले की ‘हो’ असेच उत्तर येणार, आणि पुढे काय विचारायचे हे ग्राहकाला ठाऊक नसते. म्हणजे मोहिमेने चवीचे वर्णन करण्याऐवजी ग्राहकाच्या तोंडात एक प्रश्न द्यायला हवा. आता तो प्रश्न मराठी माणसाच्या तोंडी आधीपासूनच आहे. ठाण्यात दोन अनोळखी माणसे भेटली, आडनावे सांगून झाली, की तिसरे वाक्य ‘गाव कुठलं?’ हेच असते. तोच प्रश्न आंब्याला विचारावा. ठाणे स्टेशनबाहेरच्या फलकावर फक्त एक आंबा आणि ‘गाव कुठलं?’ एवढेच शब्द. पेटीवरच्या चिठ्ठीवर आंब्याच्या वतीने ‘गाव देवगड. तुमचं?’ आणि खाली बागायतदाराचा मानांकनाचा नोंदणी क्रमांक. रेडिओवर आंबेवाल्याशी गप्पा मारणारी आजी, जी गोडीची सगळी वर्णने ऐकून घेते आणि शेवटी म्हणते, ‘ते सगळं खरं हो, पण गाव कुठलं?’ कल्पना चांगली असल्याची एक खूण अशी की ती दुसऱ्या माध्यमात नेताना ओढून न्यावी लागत नाही.

पोर्टफोलिओ इथेच संपवू नये. याच मोहिमेवर एखादा क्रिएटिव्ह डायरेक्टर काय आक्षेप घेईल, ते स्वतः शोधून त्याचे निरसन कामातच करावे. पहिला आक्षेप असा, की इतर राज्यांतील आंब्याला हिणवल्यासारखे होईल का? जाहिरात क्षेत्राची स्वनियामक संस्था असलेल्या जाहिरात मानक परिषदेच्या (एएससीआय) संहितेत स्पर्धकाच्या मालाची अनाठायी निंदा करण्यास मनाई आहे, त्यामुळे मोहिमेत कोणत्याही दुसऱ्या आंब्याचे नाव येता कामा नये. केवळ गाव विचारण्यात निंदा नाही. दुसरा आक्षेप असा, की मानांकन पाच जिल्ह्यांचे असताना सगळ्या चिठ्ठ्यांवर देवगडच दिसले तर रायगड, ठाणे आणि पालघरचे बागायतदार नाराज होतील, म्हणून चिठ्ठीवरचे गाव ज्या त्या बागेचे असावे. अशा दोन आक्षेपांचा विचार केलेली एक मोहीम उमेदवाराबद्दल जे सांगते, ते दहा चकचकीत पोस्टर सांगू शकत नाहीत.

पहिली चार-पाच वर्षे

पहिली नोकरी निवडताना एजन्सीच्या नावापेक्षा ज्याच्या हाताखाली काम करायचे तो माणूस पाहावा, कारण नावे टिकतातच असे नाही. हिंदुस्थान थॉम्प्सन असोसिएट्स हे एके काळचे दबदब्याचे नाव पुढे जे. वॉल्टर थॉम्प्सन, मग वंडरमन थॉम्प्सन आणि आता व्हीएमएल असे बदलत गेले. २०२५ च्या अखेरीस ऑम्निकॉम या जागतिक जाहिरात समूहाने इंटरपब्लिक हा दुसरा समूह विकत घेतल्यावर आणखी काही जुन्या पाट्या उतरू लागल्या. शिकवणारा वरिष्ठ मात्र कंपनी बदलली तरी फोनवर उपलब्ध राहतो. मुलाखतीत ‘तुमच्या संघातील मागच्या दोन ज्युनिअरनी पुढे काय केले?’ असे विचारायला संकोच करू नये.

या वर्षांत निर्मितीची प्रत्येक पायरी स्वतः उभे राहून पाहावी. छापखान्यात रंग कसा बदलतो, रेडिओच्या २० सेकंदांत किती शब्द मावतात, चित्रीकरणापूर्वीच्या पीपीएम (प्री-प्रॉडक्शन) बैठकीत काय ठरते आणि सेटवर त्यातले काय बदलते, संकलनानंतर ग्रेडिंग (रंगसुधारणा) आणि ध्वनिमिश्रणाला किती दिवस लागतात, हे ठाऊक नसलेला क्रिएटिव्ह डायरेक्टर पुढे निर्मात्याच्या प्रत्येक ‘होणार नाही’ला मान हलवतो. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरच्या फलकाचे डिझाइन संगणकाच्या पडद्यावर पाहून मंजूर करण्याची सवय लागू देऊ नये. ते छोट्या आकारात छापून कार्यालयाच्या दुसऱ्या टोकाला लावावे आणि चालत जाताना वाचून पाहावे.

मराठी भाषिक लेखकापुढे या टप्प्यावर एक खास अडचण येते. मूळ मोहीम इंग्रजीत किंवा हिंदीत होते आणि मराठी लेखकाकडे ती मराठीत उतरवण्यासाठी येते. हे काम नाकारू नये, पण केवळ त्याच कामाचा माणूस अशी ओळख होऊ दिली तर पुढची सगळी वर्षे त्याच टेबलावर जातात. यातून बाहेर पडण्याची रीत साधी आहे. मराठी आवृत्तीची मागणी आली की मूळ ब्रीफही मागून घ्यावा. मागितलेली आवृत्ती वेळेत आणि नेटकी द्यावी, आणि त्यासोबत त्याच ब्रीफवर थेट मराठीत सुचलेली एक वेगळी दिशा एका पानावर जोडावी. ती बहुतेक वेळा स्वीकारली जात नाही. परंतु काही महिन्यांत वरिष्ठांच्या लक्षात येते की हा माणूस ब्रीफ वाचतो, आणि महाराष्ट्रापुरती वेगळी मोहीम करायची वेळ आली की पहिला फोन त्याला जातो. वर सांगितलेली आंब्याची ओळ इंग्रजीतून सुरुवात केली असती तर कोणालाही सापडली नसती, हे अशा वेळी आपल्या बाजूचे बळ आहे.

आर्टच्या बाजूने असलेल्यांनी देवनागरी अक्षराचा अभ्यास करावा, कारण एजन्सींमध्ये या विषयात खात्रीने बोलणारी माणसे कमी आहेत. र. कृ. जोशी यांनी उल्का या एजन्सीत कलादिग्दर्शक म्हणून अनेक वर्षे काम केले, आयडीसीत शिकवले आणि संगणकावर घरोघरी पोहोचलेला मंगल हा देवनागरी फाँटही त्यांनीच घडवला; अक्षराकडे पाहण्याची त्यांची रीत समजून घेणे हा स्वतंत्र अभ्यासक्रमच आहे. आजच्या कामासाठी एक टाइप या मुंबईतील संस्थेचे मुक्त आणि बलू हे फाँट विनामूल्य मिळतात. मराठीतले ‘ल’ आणि ‘श’ हिंदीतल्या प्रचलित वळणापेक्षा वेगळे असतात, आणि सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली नाही तर अनेकदा हिंदी वळणच उमटते. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर सुरू नसेल तर जोडाक्षरे मोडतात. जुन्या छापखान्यांत अजूनही श्री-लिपी हे भारतीय लिपींचे सॉफ्टवेअर वापरले जाते, त्यामुळे फाइल पाठवण्यापूर्वी मजकूर युनिकोडमध्ये हवा की आउटलाइन करून (अक्षरांचे आकृतीत रूपांतर करून), हे विचारून घ्यावे. या बाबी किरकोळ वाटतात, पण लाखो रुपये खर्चून उभारलेल्या फलकावर तुटलेला ‘र्‍या’ दिसला की क्लायंट फोन क्रिएटिव्ह विभागालाच करतो.

दुसऱ्याचे काम पाहण्याची रीत

सुपरव्हायझर झाल्यावर हाताखाली पहिली जोडी येते आणि इथून खरे शिक्षण सुरू होते. बहुतेक चांगले लेखक या टप्प्यावर एकाच सवयीने अडखळतात: ज्युनिअरची ओळ आवडली नाही की पेन हातात घेऊन ते ती स्वतः लिहितात. त्या दिवसाचे काम सुटते, पण ज्युनिअर पुढच्या वेळी अर्धवट काम आणतो, कारण शेवटी साहेबच लिहिणार हे त्याला कळलेले असते. अशा सुपरव्हायझरच्या हाती पाच जोड्या दिल्या तर तो मध्यरात्रीपर्यंत बसूनही पुरा पडणार नाही, आणि बढती देणाऱ्याला हे दिसत असते.

काम पाहण्याची बैठक पुढील क्रमाने घ्यावी. सगळ्या कल्पना कागदावर, पेन्सिलच्या कच्च्या रेखाटनासह, भिंतीवर लावायला सांगाव्यात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे हल्ली अर्ध्या तासात तयार जाहिरातीसारखी दिसणारी चित्रे मिळतात आणि त्यांच्या झगमगाटात पोकळ कल्पनाही भरीव वाटते, म्हणून पहिल्या फेरीत तयार चित्र आणू नये असा नियमच ठेवावा. जोडीने ब्रीफ एका वाक्यात सांगावा. ते वाक्य आपल्या समजुतीपेक्षा वेगळे निघाले, तर कामाकडे पाहण्यापूर्वी तोच गुंता सोडवावा. निम्म्या वेळा काम चुकलेले नसते, ब्रीफ दोघांनी वेगवेगळा वाचलेला असतो. मग सगळे कागद काही न बोलता वाचावेत. बोलायला लागल्यावर आधी कशात जीव आहे ते दाखवावे आणि नंतर काय चालत नाही ते सांगावे, तेही कारणासह.

‘मजा नाही आली’ हा शेरा एजन्सींमध्ये रोज ऐकू येतो आणि तो पूर्णपणे निरुपयोगी आहे. त्याऐवजी ‘ओळ वाचून हसू येते, पण ती कोणत्याही बँकेची असू शकते, आपली बँक रविवारी उघडी असते ही गोष्ट यात कुठेच नाही’ असे सांगितले, तर जोडीला परत जाऊन काय शोधायचे ते कळते. अडचण सांगावी, उत्तर देऊ नये. उत्तर सुचले असले तरी एक दिवस मनात ठेवावे, कारण अनेकदा जोडी त्याहून चांगले घेऊन येते. बैठक संपताना पुढची वेळ, पुढे न्यायच्या दिशा आणि अंतिम शब्द कोणाचा, हे तिथेच लिहून सर्वांना पाठवावे. कल्पना कोणाची होती याची नोंदही त्याच संदेशात राहते. नंतर पुरस्काराच्या अर्जात नावे भरताना होणारे निम्मे तंटे या साध्या सवयीने टळतात.

ज्यांच्या हाताखाली अजून कोणी नाही, त्यांनी हा सराव कागदावर करावा. रोज दिसणारी एक जाहिरात, मग ती गडकरी रंगायतनसमोरच्या फलकावरची असो की मोबाइलवरची, निवडावी आणि ती आपल्याकडे मंजुरीसाठी आली असती तर काय म्हटले असते ते चार वाक्यांत लिहावे. ‘आवडली’ आणि ‘आवडली नाही’ हे दोन्ही शब्द न वापरता लिहिता आले, म्हणजे सराव मार्गी लागला.

क्लायंटसमोर

काम मांडताना पोर्टफोलिओचाच क्रम पाळावा: प्रश्न, निर्णय, काम. ज्या बैठकीत पहिल्याच मिनिटाला जाहिरात दाखवली जाते, तिथे चर्चा रंगावर जाते. ज्या बैठकीत प्रश्नावर आधी एकमत होते, तिथे क्लायंट कामाचे मोजमाप त्या प्रश्नाने करतो. घोडबंदर रोड किंवा खारघर-पनवेल पट्ट्यातील बांधकाम व्यावसायिकांकडे बैठकीला मालकांबरोबर भाऊ, मुलगा आणि विक्री प्रमुखही असतात आणि निर्णय नेमका कोण घेणार हे पहिल्या भेटीत कळत नाही. ते आधी क्लायंट सर्व्हिसिंगच्या सहकाऱ्याकडून जाणून घ्यावे. सकाळी दहाची बैठक असेल तर घोडबंदरच्या वाहतुकीचा हिशोबही आदल्या दिवशीच करावा, हे वेगळे सांगायला नको.

क्लायंटची सूचना म्हणजे बहुतेक वेळा अडचणीवर त्याने स्वतःच शोधलेला उपाय असतो. ‘लोगो मोठा करा’ असे मालक म्हणाले की वाद घालू नये आणि लगेच मान्यही करू नये. ‘साहेब, नाव लांबून वाचता येत नाही असं वाटतंय का, की शेजारच्या प्रकल्पासारखं दिसतंय असं वाटतंय?’ असे विचारले की खरी शंका बाहेर येते. नाव वाचता येत नसेल तर लोगो खरोखरच मोठा करावा. शंका दुसरी असेल तर लोगो कितीही मोठा केला तरी पुढच्या बैठकीत तीच तक्रार नव्या शब्दांत परत येईल.

पैशाची भाषा न शिकता या पदावर टिकता येत नाही. एजन्सीला महिन्याचे रिटेनर (ठरावीक मानधन) मिळते की प्रत्येक कामाचे वेगळे पैसे, करारात किती फेऱ्यांचे बदल धरले आहेत, आणि फिल्मच्या अंदाजपत्रकात दिग्दर्शक, चित्रीकरणाचे दिवस, कलाकार, संगीत व संकलनोत्तर काम यांचा वाटा किती, हे वाचता यायला हवे. कलाकार आणि संगीत यांचे हक्क किती काळासाठी व कोणत्या माध्यमांसाठी घेतले आहेत, हा तपशील सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटतो आणि मुदत संपल्यावर जाहिरात चालूच राहिली की वाद उभा राहतो.

कायदेशीर बाबी वकिलांवर सोपवून मोकळे होता येत नाही, कारण मंजुरीची सही आपली असते. महारेराकडे नोंदणी केलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि महारेराचे संकेतस्थळ द्यावे लागते, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे. तो न दिल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ असे लिहिण्यापूर्वी स्वतः चालून पाहावे. रुग्णालय किंवा औषधाचे काम असेल तर १९५४ चा जादूटोणासदृश उपचारांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा आणि २०२२ ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वे वाचून काढावीत. १९८५ पासून काम करणाऱ्या जाहिरात मानक परिषदेची संहिता लहान आहे आणि ती एका संध्याकाळी वाचून होते.

पुरस्कार

ॲबी, क्योरिअस, कान लायन्स, डी अँड एडी या पुरस्कारांना नोकरीच्या बाजारात वजन आहे, हे मान्य करूनच पुढे जावे. तिशीच्या आतील उमेदवारांसाठी कानची यंग लायन्स स्पर्धा आहे. तिथे ठरावीक तासांत दिलेल्या ब्रीफवर जोडीने काम करावे लागते, त्यामुळे ती एजन्सीच्या नावापेक्षा स्वतःच्या तयारीवर लढता येते. मात्र केवळ पुरस्कारासाठी, क्लायंटने न मागितलेली आणि कुठेतरी एकदाच छापून आणलेली जाहिरात करण्याच्या वाटेला जाऊ नये. २०२५ मध्ये ब्राझीलमधील डीएम९ या एजन्सीला कानमधला ग्रां प्री हा सर्वोच्च पुरस्कार परत द्यावा लागला, कारण सादर केलेल्या चित्रफितीत कृत्रिम बुद्धिमत्तेने बदललेली दृश्ये होती. त्या चित्रफितीवर ज्यांची नावे होती, त्यांना पुढच्या प्रत्येक मुलाखतीत हाच प्रश्न विचारला जाईल.

पगार, बदल आणि कामावरचा हक्क

दर वर्षी नोकरी बदलणाऱ्याकडे पूर्ण झालेली मोहीम नसते आणि सात-आठ वर्षे एकाच जागी राहणाऱ्याचा पगार बाजाराच्या मागे पडतो. दोन ते तीन वर्षे हा टप्पा मला योग्य वाटतो. बदलताना पगाराइतकीच चौकशी क्लायंटच्या यादीची करावी. लहान स्थानिक एजन्सीतून मोठ्या एजन्सीत जाणे पहिल्या चार-पाच वर्षांत सोपे असते, नंतर अवघड होत जाते, कारण मोठी एजन्सी तोपर्यंत मिळालेले पद मान्य करत नाही. उलट दिशेने, मोठ्या एजन्सीतून ठाण्यात किंवा वाशीत येणे केव्हाही शक्य असते आणि तिथे मालकाशी थेट काम करण्याचा अनुभव मिळतो, जो पुढे स्वतःची एजन्सी काढायची असेल तर लागतोच.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. म्हणून प्रसिद्ध झालेले कामच पोर्टफोलिओत घ्यावे, अप्रसिद्ध पिचचे, म्हणजे नवा क्लायंट मिळवण्यासाठी केलेल्या सादरीकरणाचे, काम लेखी परवानगीशिवाय दाखवू नये, आणि राजीनामा देण्याच्या आठवड्यात फाइली गोळा करत बसण्यापेक्षा प्रत्येक मोहीम प्रसिद्ध झाली की त्याच महिन्यात तिची नोंद, श्रेयनामावलीसह, तयार ठेवावी.

पद मिळाल्यानंतर

पहिल्या महिन्यात कोणाची जोडी मोडू नये आणि कोणाचे चालू काम फेटाळू नये. प्रत्येकाबरोबर अर्धा तास बसून त्याच्या मते त्याचे सर्वांत चांगले काम कोणते आणि ते कुठे अडले, हे ऐकून घ्यावे. बहुतेक उत्तरांत एकाच अडथळ्याचा उल्लेख येतो: उशिरा मिळणारा ब्रीफ, एखादा क्लायंट किंवा रात्री आठ वाजता घेतल्या जाणाऱ्या बैठका. तोच अडथळा आधी काढावा. कर्जत-कसाऱ्याला किंवा पनवेलला जाणाऱ्या सहकाऱ्यांसाठी शेवटच्या गाडीचा प्रश्न खरा असतो, त्यामुळे काम पाहण्याच्या बैठका दुपारी चारपूर्वी ठेवण्याचा नियम केला तरी संघाचा विश्वास मिळू लागतो.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून एका असोसिएटला स्वतःच्या बैठकांत शेजारी बसवावे आणि आठवड्यातली एक बैठक त्याला चालवू द्यावी, आपण तिथे उपस्थित असलो तरी शेवटपर्यंत बोलू नये. लेखनाचा किंवा रेखाटनाचा हात सुटू नये म्हणून आठवड्यातून अर्धा दिवस एखाद्या ब्रीफवर स्वतःही बसावे. ते काम इतरांच्या कामाबरोबर, नाव न लावता, भिंतीवर लावावे. संघाने ते बाजूला ठेवले तर क्लायंटकडे जाणाऱ्या फाइलीत ते पुन्हा घालू नये.